शाळा उघडण्याची तारीख नको, आकडा जाहीर करा

महोदय,

साथीच्या काळात शाळांची चर्चा हमखास तारखेभोवती फिरते. एकदा तारीख जाहीर झाली की रुग्ण वाढत असले तरी माघार घेणे जड जाते. त्याऐवजी कोणत्या आकड्याला शाळा उघडायच्या आणि कोणत्या आकड्याला पुन्हा बंद करायच्या, हे आधी जाहीर व्हावे.

कोविडच्या वेळी, मे २०२० मध्ये, जागतिक आरोग्य संघटनेने निर्बंध सैल करण्यासाठी एक निकष दिला होता: चाचण्यांतील बाधितांचे प्रमाण सलग दोन आठवडे ५ टक्क्यांखाली हवे. पण हे प्रमाण एकटे फसवते. फक्त लक्षणे असलेल्यांच्या चाचण्या केल्या तर ते फुगते, प्रवासासाठी सक्तीने केलेल्या चाचण्या मिसळल्या की खाली येते. रुग्ण मात्र तेवढेच. म्हणून जोडीला लाख लोकसंख्येमागे आठवड्याभरातले नवे रुग्ण पाहावेत.

हा आकडा थेट शाळेच्या फाटकापर्यंत आणता येतो. समजा, आठवड्यात लाखामागे ५० रुग्ण नोंदले गेले. प्रत्यक्षात चौपट, म्हणजे २०० धरा. संसर्ग पसरवण्याचा काळ दहा दिवसांचा मानला तर कोणत्याही दिवशी लाखात सुमारे २८५ जण तो पसरवू शकतात. ५०० जणांच्या शाळेत त्यांतला निदान एक असण्याची शक्यता ७६ टक्के येते. निम्मी मुले आलटून-पालटून बोलावली तर ५१, आणि ३० जणांच्या एका वर्गात ८ टक्के. आजारी मुले घरीच राहिली तर ही शक्यता थोडी घटेल, पण लक्षणे नसलेल्यांना फाटकावरची थर्मल गन काय अडवणार? तेव्हा विषाणू आत येणार हे धरूनच चालावे आणि तो एका वर्गातून दुसऱ्या वर्गात कसा जाणार नाही, ते पाहावे. मधली सुट्टी, बस, स्वच्छतागृहाबाहेरची रांग आणि दिवसभरात पाच-सहा वर्गांवर जाणारे शिक्षक या त्याच्या वाटा.

दुसरी बाब हवेची. मे २०२० मध्ये जेरुसलेममधील एका शाळेत वर्गात ३५ ते ३८ मुले होती. उष्णतेच्या लाटेत मास्कला तीन दिवस सूट मिळाली आणि एसी अखंड चालू राहिला. १५३ विद्यार्थी आणि २५ कर्मचारी बाधित निघाले. ७ मीटर लांब, ६ मीटर रुंद आणि ३ मीटर उंच वर्गात १२६ घनमीटर हवा असते. ती तासाला पाच वेळा बदलायची तर ६३० घनमीटर ताजी हवा लागते. छताचा पंखा आतलीच हवा घुसळतो, त्यामुळे समोरासमोरच्या खिडक्या उघड्याच हव्यात. श्वासातून बाहेर पडणारा कार्बन डायऑक्साइड साचला म्हणजे हवा बदलत नाही; त्याचा मीटर मुलांच्या डोक्याच्या उंचीवर, खिडकीपासून आणि कोणाच्याही तोंडापासून लांब ठेवावा आणि तास संपताना वाचावा. बाहेरच्या हवेत सुमारे ४२० पीपीएम (दहा लाख भागांत ४२० भाग) असतो, वर्गात ८०० च्या आत राहायला हवा. हेपा फिल्टर (हवा गाळणारे यंत्र) लावूनही मीटरचा आकडा उतरत नाही म्हणून फिल्टर बिघडला असे समजू नये: तो कण अडवतो, वायू नाही. बाके सॅनिटायझरने पुसण्यात जाणारा वेळ खिडक्यांच्या गंजलेल्या बिजागऱ्यांवर घालवला तर जास्त उपयोग होईल.

वर्ग टप्प्याटप्प्याने उघडायचे तर दोन टप्प्यांमध्ये किमान तीन आठवड्यांचे अंतर हवे. लक्षणे दिसायला १४ दिवसांपर्यंत लागू शकतात, त्यावर चाचणी आणि नोंदीचे दिवस. पहिल्या आठवड्यातले आकडे बहुतांशी शाळा उघडण्यापूर्वीचेच संसर्ग दाखवतात. ते पाहून 'काही झाले नाही' म्हणत पुढचे वर्ग उघडणे हीच नेहमीची चूक. कोणते वर्ग आधी, हे रोगावर ठरते. कोविडमध्ये डेन्मार्कने १५ एप्रिल २०२० पासून आधी लहान मुलांना बोलावले. इन्फ्लुएंझात हाच क्रम अंगाशी येऊ शकतो, कारण तिथे लहान मुलेच संसर्ग घरोघर नेतात.

बंद करण्याचा नियमही लेखी असावा: एक रुग्ण आढळला तर तो वर्ग घरी, दोन वर्गांत एकमेकांशी जोडलेले रुग्ण निघाले तर शाळा बंद. शिवाय चार शिक्षक एकाच वेळी विलगीकरणात गेले की रुग्णसंख्या कमी असूनही शाळा चालवता येत नाही. बदली शिक्षकांची यादी उघडण्यापूर्वीच तयार हवी.

— साथरोग नियंत्रणाच्या कामाशी संबंधित एक वाचक