पदक हा पुरावा नव्हे

मा. संपादक,

स.न.

वल्हे ठेवून विद्यापीठात क्रीडाविज्ञानाकडे वळलेल्या रोइंगपटूंविषयी छापून येते तेव्हा सगळा भर पदकांवर असतो. प्रयोगशाळेत तो माणूस काय करतो, हे दोन ओळींत उरकलेले असते. व्हॅलेरी क्लेशनेव्ह १९८०च्या मॉस्को ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाकडून क्वाड्रपल स्कल्सचे (चौघे जण, प्रत्येकाच्या हाती दोन वल्ही) रौप्यपदक जिंकले आणि पुढे रोइंगच्या जैवयांत्रिकीचे, म्हणजे शरीराच्या हालचाली आणि त्यांमागच्या बलांचे, अभ्यासक झाले. पाण्यावरच्या अनुभवाचा अशा अभ्यासकाला नेमका कुठे उपयोग होतो?

बहुतेकदा चुकीची नोंद ओळखण्यात. वल्हे ज्या गेटमध्ये (नौकेच्या बाजूच्या खोबणीत) फिरते तिथे कोन मोजणारा सेन्सर बसवतात आणि वल्हे नौकेला काटकोनात धरून त्याचे शून्य ठरवतात. त्यात २ अंशांची चूक झाली, तर पाते पाण्यात शिरतानाचा कोन २ अंशांनी जास्त आणि बाहेर निघतानाचा २ अंशांनी कमी दिसू शकतो. दोन्ही कोन मिळून होणारा वल्ह्याचा एकूण फेर मात्र बरोबरच येतो, त्यामुळे तक्ता पाहणाऱ्याला काही खटकत नाही. रोज वल्हवलेल्याला खटकते: हा खेळाडू एवढा पुढे पोचतोच कसा? शून्य पाण्यात उतरण्यापूर्वी आणि परतल्यावर तपासावे. दोन्ही जुळले नाहीत, तर त्या फेरीचे कोन बाद.

दुसरी गोष्ट एर्गोमीटरची, म्हणजे जमिनीवर वल्हवण्याच्या यंत्राची (थोडक्यात ‘एर्ग’). एकेरी स्पर्धा-नौकेचे किमान वजन १४ किलो, आत बसलेला माणूस ८०-९० किलोचा. म्हणून वल्हवताना खेळाडूची सीट पुढे-मागे सरकते तेव्हा हलते ती मुख्यतः नौका. जमिनीवर घट्ट ठेवलेल्या एर्गवर यंत्र जागचे हलत नाही, प्रत्येक फटक्याला आख्खे शरीर ढकलून पुन्हा थांबवावे लागते. शिवाय जड खेळाडूमुळे नौका खोल बसते आणि पाण्याचा विरोध वाढतो. एर्गवर हा भुर्दंड नाही. एर्ग सरकत्या पट्ट्यांवर ठेवला की पहिला फरक बराच कमी होतो, दुसरा तसाच राहतो. नुसत्या एर्गच्या वेळेवर संघ निवडणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

पण हाच अनुभव आडवाही येतो. आपण जसे वल्हवत होतो तेच योग्य, असे डोळ्यांत बसलेले असते. म्हणून तंत्राला गुण देताना चित्रफितींवरची नावे झाकावीत, क्रम विस्कटावा आणि दुसऱ्या परीक्षकाने स्वतंत्रपणे गुण द्यावेत. दोघांचे गुण जुळत नसतील, तर आधी गुण देण्याचे निकष सुधारावे लागतात. माजी खेळाडूला हे सांगणे अवघड जाते, हेही खरे.

नमुन्याचा घोळ तर नेहमीचाच. एकाच क्लबच्या ८ जणांचे प्रत्येकी ३०० फटके मोजले, की बातमीत ‘२४०० फटक्यांचा अभ्यास’ असे येते. एकाच माणसाचे फटके एकमेकांसारखेच असतात, त्यामुळे नमुना ८ जणांचाच, तोही एका प्रशिक्षकाच्या हाताखालचा. निष्कर्ष छापताना फटक्यांच्या आधी माणसांची संख्या द्यावी, एवढीच विनंती.

– रोइंगचे अभ्यासक