सावित्रीच्या काठाने समुद्रापर्यंत: आधी तिथी पाहावी, मग नकाशा

मा. संपादक महोदय,
स. न. वि. वि.

दिवाळीच्या सुटीची चाहूल लागली की महाबळेश्वराहून निघून संध्याकाळी हरिहरेश्वराचा सूर्यास्त गाठण्याचे बेत घरोघरी आखले जातात. अंतर दीडशे किलोमीटरच्या आत-बाहेरचे असल्यामुळे मोबाइलवरचा नकाशा हा प्रवास चार-साडेचार तासांचा दाखवतो आणि मंडळी तेवढ्यावर विसंबतात. माझ्या भाच्याच्या कुटुंबाने मागील हिवाळ्यात तेच केले. सकाळी बाजारपेठेत रेंगाळून बारा वाजता निघालेली गाडी हरिहरेश्वरी पोहोचली तेव्हा अंधार पडला होता, मुले घाटातील वळणांनी बेजार झाली होती, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी प्रदक्षिणेसाठी गेले तर भरती ऐन जोरात होती. ज्यासाठी गेले तेच न पाहता ती मंडळी परतली. त्यांचे ऐकून घेताना जे मनात आले ते आपल्या वाचकांपुढे मांडावे, म्हणून हा पत्रप्रपंच.

डोंगरावरून समुद्राकडे जाताना लोक आखणी डोंगराकडून सुरू करतात. ती समुद्राकडून उलटी करावी, असे माझे म्हणणे आहे. हरिहरेश्वरची प्रदक्षिणा मंदिरामागील डोंगराला वळसा घालून खडकांवरून जाते आणि ती ओहोटीच्या वेळीच करता येते. भरतीच्या पाण्यात तेथे जाण्याचा हट्ट अनेकांच्या जिवावर बेतला आहे. तेव्हा प्रवासाचा दिवस ठरवताना रजेच्या अर्जाआधी पंचांग उघडावे. कोकणात जुन्या माणसांचा एक सोपा हिशेब आहे: तिथीला पाऊणने गुणले की भरतीची अंदाजे वेळ मिळते. चतुर्थीला तीन वाजता भरती, म्हणजे सव्वासहा तासांनी, नऊच्या पुढे ओहोटी. त्रयोदशीला पावणेदहाच्या सुमारास भरती, म्हणजे दुपारी चारच्या आसपास ओहोटी. शुद्ध पक्ष असो वा वद्य, हिशेब तोच. यात अर्धा-पाऊण तास पुढेमागे होतो, त्यामुळे गावात पोहोचल्यावर पुजाऱ्यांना किंवा कोळ्यांना विचारल्याशिवाय खडकांवर पाऊल ठेवू नये. पण सुटी कोणत्या आठवड्यात घ्यावी, हे ठरवायला हा हिशेब पुरेसा आहे. दुपारी उतरत्या उन्हात प्रदक्षिणा आणि लगेच सूर्यास्त असा योग हवा असेल, तर द्वादशी-त्रयोदशी साधावी.

समुद्राची वेळ ठरली की मग घाटाची. मी सुचवतो तो मार्ग एका नदीचा आहे. क्षेत्र महाबळेश्वर येथील पंचगंगा मंदिरात कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री या पाच नद्यांचे उगम मानले जातात. पैकी कृष्णा सुमारे चौदाशे किलोमीटर वाहत बंगालच्या उपसागराला मिळते, तर सावित्री पश्चिमेला कड्यावरून खाली उतरून शंभरेक किलोमीटरमध्येच अरबी समुद्र गाठते. यज्ञाच्या वेळी आपल्या जागी गायत्रीला बसवलेले पाहून सावित्रीने देवांना नद्या होण्याचा शाप दिला, अशी कथा तेथे सांगतात. पश्चिमेकडचे ते खोल खोरे आर्थर सीटवरून पाहिल्यावर तिचा राग ओसरला नसावा असे वाटते. सकाळी ते खोरे पाहावे, मंदिरात जावे, आणि मग त्याच पाण्याच्या मागोमाग समुद्रापर्यंत जावे. असा प्रवास मुलांना वर्षभराच्या भूगोलापेक्षा अधिक शिकवतो, हे मी निवृत्त भूगोल शिक्षक या नात्याने लिहीत आहे.

महाबळेश्वरहून पोलादपूरला उतरणारा आंबेनळी घाट चाळीसेक किलोमीटरचा आहे आणि तेवढ्यात आपण जवळजवळ समुद्रसपाटीला येतो. महाबळेश्वरची उंची सुमारे १,३७० मीटर आहे, हे लक्षात घेतले म्हणजे उताराची कल्पना येईल. मैदानी रस्त्याची सवय असलेले चालक येथे सतत ब्रेकवर पाय ठेवून उतरतात. ब्रेक तापतात, वास येऊ लागतो आणि नेमक्या अवघड वळणावर ते पकड सोडतात. ज्या गिअरमध्ये घाट चढतो त्याच गिअरमध्ये तो उतरायचा, हा एसटीच्या जुन्या चालकांचा नियम आहे आणि त्याला अजून पर्याय नाही. चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यावी, हा तर कायद्यातलाच नियम, पण सुटीच्या गर्दीत तो कोणालाही आठवत नाही. २८ जुलै २०१८ रोजी याच घाटात बस दरीत कोसळून तीसहून अधिक जणांचा मृत्यू झाला होता. सांगण्याचा हेतू घाबरवण्याचा नाही. घाट दिवसाउजेडी, न घाईने, आणि शक्यतो सकाळीच उतरावा एवढाच आहे. वाटेत वाडा कुंभरोशीजवळ प्रतापगडाचा फाटा लागतो. १६५६ मध्ये बांधून झालेला हा गड पाहायला दोन-अडीच तास हाताशी ठेवावेत. जावळीच्या रानाचा दरारा वरून नीट उमगतो. गाडीच्या काचेतून त्यातले काही दिसत नाही.

पावसाळ्यात मात्र हा मार्ग विसरावा. २२-२३ जुलै २०२१ च्या चोवीस तासांत महाबळेश्वरी ५९४ मिलिमीटर पाऊस पडला, आंबेनळी घाटातील रस्ता वाहून गेला, आणि त्याच दिवसांत महाड तालुक्यातील तळिये गावावर डोंगर कोसळला. धबधब्यांच्या ओढीने जुलैत घाट उतरू पाहणाऱ्यांनी ही तारीख विसरू नये. दसऱ्यानंतर होळीपर्यंतचे दिवस उत्तम.

पोलादपूरपासून सावित्री महामार्गाच्या सोबतीला येते. महाडला मुक्काम करावा, हा माझा दुसरा आग्रह आहे, आणि तो ऐकल्यावर बहुतेकांच्या कपाळावर आठ्या पडतात, कारण महाड कोणाच्याच पर्यटनाच्या यादीत नसते. वास्तविक २० मार्च १९२७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ज्या चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले ते येथे आहे, गांधारपाले येथील बौद्ध लेणी महामार्गालगत आहेत, आणि नदीकाठी सव येथे गरम पाण्याचे झरे आहेत. २ ऑगस्ट २०१६ च्या रात्री पुरात वाहून गेलेला ब्रिटिशकालीन पूल येथलाच. वर्षाच्या आत त्या जागी नवा पूल झाला. समुद्राची भरती खाडीतून वर चढत असतानाच डोंगरातला पूर खाली येतो, म्हणून महाड बुडते. सकाळी कड्यावरून नदी पाहिलेल्या माणसाला हे येथे येताच समजते. काठावर उतरणाऱ्यांनी एक ध्यानात ठेवावे: या पात्रात मगरी आहेत.

दुसऱ्या दिवशी सरळ म्हसळामार्गे हरिहरेश्वर गाठता येते. परंतु वेळ असल्यास आंबेतला खाडी ओलांडून म्हाप्रळ, मंडणगड आणि बाणकोट असे जावे. आंबेतचा पूल गेल्या काही वर्षांत दुरुस्तीसाठी बंद राहिलेला आहे, त्यामुळे महाड सोडण्यापूर्वी चौकशी करावी. बाणकोटचा छोटा किल्ला नदीच्या मुखावर उभा आहे. अठराव्या शतकाच्या मध्यास तो इंग्रजांकडे गेला आणि त्यांनी त्याचे नाव फोर्ट व्हिक्टोरिया ठेवले. फेब्रुवारी ते एप्रिल या काळात गेल्यास जवळच्या वेळासला ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्ले समुद्राकडे जाताना दिसू शकतात, मात्र त्यासाठी पहाटे आणि संध्याकाळी तेथेच असावे लागते. वेसवीहून बागमांडल्याला जाणाऱ्या फेरीबोटीत गाडी चढवली की दहा-पंधरा मिनिटांत आपण रायगड जिल्ह्यात परत येतो. या प्रवासात नदी ओलांडण्याची सर्वांत सुंदर जागा हीच आहे. डावीकडे खुला समुद्र असतो, उजवीकडे आपण मागे टाकून आलेले डोंगर निळसर दिसत असतात. पलीकडे हरिहरेश्वर अगदी जवळ आहे, आणि तिथी जमली असेल तर पाणी उतरलेले असते.

संपादक महोदय, या निमित्ताने दोन सूचना कराव्याशा वाटतात. पहिली सार्वजनिक बांधकाम विभागास: घाट बंद असल्याची माहिती प्रवाशाला पोलादपूरला किंवा कुंभरोशीला पोहोचल्यावर मिळते, ती वाईलाच, पसरणी घाट चढण्यापूर्वी, फलकावर मिळावी. दुसरी आपल्याला: मुंबईच्या भरती-ओहोटीच्या वेळा वृत्तपत्रे छापतात, तशी शुक्रवारच्या अंकात बाणकोट खाडीच्या वेळांची एक ओळ आणि तिच्या शेजारी आंबेनळी, वरंधा आणि ताम्हिणी घाट चालू की बंद, एवढे द्यावे. चार सेंटिमीटर जागा लागेल.

कळावे, लोभ असावा.

आपला,
एक निवृत्त शिक्षक व नियमित वाचक,
वाई, जि. सातारा