भिंतीच्या आधीचं

चि. ओंकारास,
अनेक आशीर्वाद.

काल फोनवर तू १९७१ च्या युद्धात पाकिस्तानच्या कैदेत सापडलेल्या आपल्या वैमानिकाची, दिलीप पारुळकरांची गोष्ट अशी रंगवून सांगत होतास की मला मध्ये बोलायला फटच मिळाली नाही. पळून जाण्यासाठी रावळपिंडीच्या युद्धकैद्यांच्या छावणीत फोडलेली भिंत, जी-सूटपासून, म्हणजे वैमानिकांच्या खास पोशाखापासून केलेल्या पाण्याच्या पिशव्या, आणि अफगाण सरहद्द हाकेवर आली असताना विचारलेला तो लंडी खाना स्टेशनचा पत्ता! नकाशात होतं ते स्टेशन, पण १९३२ सालीच बंद पडलेलं. तिथेच घात झाला, पकडले गेले. लहानपणी ही गोष्ट मीच तुला सांगायचे, पण कायम भिंतीपासून. आधीचं गाळायचे. आता तू एनडीएचा फॉर्म भरतोयस, तर तेही ऐक.

पारुळकरांचं सुखोई-७ हे एका इंजिनाचं विमान. त्या काळी बॉम्ब आणि रॉकेटं डोळ्यांनी नेम धरूनच सोडायची. म्हणजे लक्ष्याकडे नाक करून खाली सूर मारायचा आणि नेम चुकू नये म्हणून काही सेकंद विमान जराही हलू द्यायचं नाही. खालच्या तोफा त्याच सेकंदांची वाट बघत असतात. त्या एकेक गोळा नेमून मारत नाहीत रे, विमान जिथून जाणार तेवढं आभाळच गोळ्यांनी भरून टाकतात. तिथे तुझी हुशारी किती चालणार?

१९६५ च्या युद्धात पारुळकरांच्या हंटर विमानाला खालून मार बसला, हाताला जखम झाली, तरी त्यांनी विमान परत आणून उतरवलं. १० डिसेंबर १९७१ ला मात्र सुखोई सोडून उडी घ्यावी लागली. माणूस तोच होता.

त्याच्या पाच दिवस आधी पाकिस्तानातल्या शोरकोट रोडच्या विमानतळावर हल्ला करताना विजय तांबे यांचं विमान पडलं. तेही सुखोई-७, तेही जमिनीवरच्याच माऱ्यात. पकडलेल्या भारतीय वैमानिकांच्या बातमीत पाकिस्तानी वर्तमानपत्रात ‘टॉम्बे’ असं नाव छापून आलं होतं. एवढंच. १ डिसेंबर १९७२ ला वाघ्यावरून आपले युद्धकैदी परतले, त्यांत ते नव्हते. त्यांच्या पत्नी दमयंती तांबे, बॅडमिंटनच्या राष्ट्रीय विजेत्या. २००७ मध्ये बेपत्ता जवानांच्या नातेवाइकांबरोबर त्या पाकिस्तानातल्या तुरुंगांत नवऱ्याला शोधायला गेल्या. छत्तीस वर्षांनी! हाती काही लागलं नाही. मी या बाईंचा विचार फार करते. पारुळकरांपेक्षा जास्त, खरं सांगायचं तर.

ही गोष्ट तुला झोपवताना कशी सांगणार होते?

अडवायला लिहिलेलं नाही. बाबांशीही बोलले, ते नेहमीप्रमाणे ‘बघू’ म्हणाले, म्हणजे हो. फॉर्म भर. फक्त तो जुना फोटो लावू नकोस, कपाळावरचे केस मागे घेऊन नवा काढ.

तुझी,
आई