आठ टायरांचा हिशेब

म्युनिक, 12 ऑक्टोबर 2025

ती. बाबा आणि सौ. आई यांना शि. सा. नमस्कार.

आम्ही दोघं मजेत आहोत. तब्येती चांगल्या आहेत, जेवण वेळेवर होतं आणि आई, मी स्वेटर घालतो. परवा फोनवर बाबांचं "टायरला दीड लाख?" एवढंच ऐकू आलं आणि पुढचं बोलणं राहून गेलं. बाबांना फोनवर नीट ऐकू येत नाही, आणि हे ओरडून सांगण्यासारखं नाही, म्हणून सविस्तर लिहितोय. छोटी वाचून दाखवेल.

आधी हे सांगतो की गाडीला काही झालेलं नाही. जुने चारही टायर धडधाकट आहेत. ते आता एप्रिलपर्यंत तळघरात राहतील आणि त्यांच्या जागी हिवाळ्याचे चार बसलेत. इथे बहुतेक घरांत टायरांचे असे चार-चारचे दोन संच असतात, जसे आपल्याकडे पावसाळी चपला आणि एरवीच्या चपला. "ओ ते ओ" असं इथले लोक म्हणतात. पहिला ओ ऑक्टोबरचा, दुसरा ओस्टर्नचा, म्हणजे ईस्टरचा. सप्टेंबर संपला की जो भेटेल तो "टायर बदलले का?" विचारतो. दसऱ्याला आपण "सोनं लुटलं का?" विचारतो ना, तसंच. गॅरेजमध्ये तीन-तीन आठवडे नंबर लागत नाही. ज्यांना घरी जागा नाही ते टायर गॅरेजमध्येच ठेवतात. त्या कोठाराला चक्क "टायरांचं हॉटेल" म्हणतात आणि भाडं भरून टायर तिथे सहा महिने राहतात. आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजी सत्तरीच्या पुढच्या आहेत. जॅक लावून चारही चाकं त्या स्वतः बदलतात आणि काढलेल्या प्रत्येक चाकावर खडूने लिहितात: पुढचं डावं, पुढचं उजवं, मागचं डावं, मागचं उजवं. पुढच्या वेळी कुठलं चाक कुठे लावायचं ते चुकू नये म्हणून. मला हे सगळं पहिली दोन वर्षं समजत नव्हतं. रस्ता डांबरी, पाऊस आपल्यापेक्षा कमी, मग एवढी धावपळ कशाला, असं वाटायचं.

बाबा, कारण रबरात आहे. पारा सात अंशांच्या खाली उतरला की उन्हाळी टायर कडक व्हायला लागतो, असा इथला ढोबळ हिशेब. बर्फ पडलेला नसला तरीही. परवा सकाळी पाच अंश होते. तळघरात दोन्ही टायर शेजारी ठेवून अंगठ्याने दाबून पाहिले. उन्हाळी टायर वाळलेल्या चामड्यासारखा लागला, हिवाळी टायर दबला. हिवाळी टायरच्या नक्षीत ब्लेडने कापल्यासारख्या शेकडो बारीक चिरा असतात, त्या बर्फाला धरतात. बाजूला तीन शिखरांचा डोंगर आणि त्यात बर्फाचा कण असं चित्र कोरलेलं असतं. पूर्वी नुसतं "एम अँड एस", म्हणजे चिखल आणि बर्फ, असं लिहिलेलं चालायचं, 1 ऑक्टोबर 2024 पासून चालत नाही. बर्फाच्या रस्त्यावर हे चित्र नसलेल्या टायरवर सापडलं तर 60 युरो दंड आणि लायसनवर एक दंडाचा गुण.

तुम्ही मागे म्हणाला होतात, "चारही चाकं ओढणारी गाडी घेतलीस, तिला कशाला लागतात?" हा प्रश्न मलाही पडला होता. चारही चाकांना ताकद मिळाली की गाडी बर्फातून निघते, चढ चढते. पण ब्रेक प्रत्येक गाडीला चारही चाकांनाच असतात. थांबताना धरतं ते फक्त रबर. उलट ही गाडी सव्वादोन टनांच्या आसपास आहे, म्हणून घसरून धडकली तर मार जास्तच बसणार. पहिल्या पावसात महाबळेश्वरच्या घाटात एसटी उतरवताना तुम्ही काय करायचात ते तुम्हाला सांगायला नको.

आता मापाचं. शोरूममध्ये मला 21 इंची चाकं दाखवली. पुढे 275, मागे 315 मिलिमीटर रुंद. दिसायला फारच देखणी. मी 19 इंची घेतली, चारही 265/50, म्हणजे रुंदी 265 आणि टायरच्या भिंतीची उंची तिच्या निम्मी. पैसे वाचवायला मी लहान चाकं घेतली अशी शंका तुम्हाला येईल, पण तसं नाही, बाबा. रिम लहान असली तरी टायरची भिंत उंच असते, त्यामुळे बाहेरून चाक जवळपास तेवढंच राहतं. 19 इंचीचा व्यास 748 मिलिमीटरच्या आसपास, 21 इंचीचा 754. किलोमीटरच्या काट्यात फारसा फरक पडत नाही. भिंत उंच म्हणजे बर्फाखाली लपलेल्या खड्ड्याचा मार रिमपर्यंत जात नाही. रुंदी कमी म्हणजे अर्धवट वितळलेल्या बर्फाच्या चिखलात टायर वर तरंगत नाही, खाली रुततो. आणि चारही एकाच मापाचे असल्यामुळे पुढचे मागे, मागचे पुढे करता येतात, झीज सारखी होते. त्या 21 इंचीत हे शक्यच नाही. फार लहान रिमही चालत नाही, ब्रेकचा कॅलिपर, म्हणजे चकती दाबणारा चिमटा, आतून घासतो. म्हणून गाडीच्या कागदांत जी मापं लिहिली आहेत त्यांतलंच घेतलं.

टायर नवे आहेत, रिम वापरलेल्या. इथे थंडीभर बर्फ वितळायला रस्त्यावर मीठ टाकतात, ते चकचकीत रिमला खातं, म्हणून साध्या रंगवलेल्या राखाडी रिम घेतल्या. प्रत्येक चाकात हवेचा दाब सांगणारा सेन्सर बसवावा लागला, त्याचे पैसे वेगळे. टायरवर 110 लिहिलंय, म्हणजे एका टायरला 1060 किलो भार चालतो. सगळं मिळून 1480 युरो. त्या 21 इंचीचे जवळपास तिप्पट सांगितले होते.

आणि एक गोष्ट तुमच्यापासून लपवली होती, ती लिहितो. गेल्या वर्षी नोव्हेंबरात मी म्हणालो होतो ना, गाडी सर्व्हिसला दिलीय. सर्व्हिसला नव्हती दिली. जुनी छोटी गाडी होती, टायर बदलायचं मी पुढे ढकलत होतो, तेवढेच पैसे घरी पाठवता येतील म्हणून. सकाळी साडेपाचला तुमची सून ड्यूटीला निघाली होती. तिचं हॉस्पिटल दक्षिणेला, डोंगरांच्या बाजूला आहे. मिठाची गाडी त्या रस्त्यावर अजून आली नव्हती. चौकात ब्रेक दाबला आणि गाडी सरळ जात राहिली, कठड्याला जाऊन लागली. तिला खरचटलंसुद्धा नाही. पण ती फोनवर फक्त "मी ठीक आहे, मी ठीक आहे" म्हणत होती. तो आवाज मी विसरलेलो नाही. ही मोठी गाडी त्यानंतर घेतली. चार वर्षं वापरलेली आहे. गावात लोक काय म्हणतील ते मला ठाऊक आहे, तुम्हाला काय ऐकावं लागत असेल तेही ठाऊक आहे. थाटासाठी नाही घेतली.

चाकं मी आजींबरोबर मिळून बदलली. बोल्ट जोर मोजणाऱ्या पान्याने 140 न्यूटन-मीटरला कसले आणि पन्नास किलोमीटर चालवून पुन्हा तपासले. दोन युरोच्या नाण्याची चंदेरी कड चार मिलिमीटर रुंद असते, ती नक्षीच्या खाचेत घालून बघायची. कड दिसायला लागली की टायर संपत आला. तळघरात दिवा लावून बसलो होतो आणि रबराचा वास आला. तुम्ही डेपोतून घरी यायचात तेव्हा खाकी शर्टाला यायचा तसाच. मी बराच वेळ तिथेच बसून राहिलो.

आई, दिवाळीत घरी कंदील लागेल, तेव्हा फोन करीनच. चकलीची भाजणी पोचली, शनिवारी करणार आहोत.

छोटीच्या लग्नाचं. हॉलचे पैसे मी देणार असं ठरलंय ते ठरलंयच, टायरांचा त्याच्याशी काही संबंध नाही. फक्त एवढं करा, आत्ता दोन लाख पाठवतो, उरलेले जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात. बाबा, पतपेढीतून काढू नका आणि मामांकडेही मागू नका. हॉलवाल्यांशी मी स्वतः बोलतो. सुट्टी मात्र दहाच दिवसांची मिळाली आहे. साखरपुड्याला येता येणार नाही. फेब्रुवारीत लग्नाच्या तीन दिवस आधी पोचतो. हळदीला नक्की असेन. तिकीट काढलंय. छोटी, हे तू वाचत असशील तर रागावू नकोस. मुलगा चांगला आहे असं सगळे म्हणतात, मला त्याच्याशी एकदा नीट बोलायचंय, त्याला माझा नंबर दे.

तुमचा,
बाळ

ता. क. बाबांच्या स्कूटरच्या मागच्या टायरवर बाजूला एका चौकटीत चार आकडे असतील. पहिले दोन टायर बनल्याच्या आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. छोटीला वाचून मला कळवायला सांगा. जुना असेल तर मी येईपर्यंत थांबू नका, या आठवड्यातच बदलून घ्या.