जहाजाचे इंजिन धक्क्याला लागल्यावर बंद व्हावे

महोदय,

सप्टेंबर २०२५ मध्ये न्हावा-शेवा येथील जवाहरलाल नेहरू बंदरात बॅटरी बदलता येणाऱ्या विजेवरच्या अवजड ट्रकांचा ताफा दाखल झाला आणि आवारात फिरणाऱ्या सुमारे ६०० ट्रकांपैकी ९० टक्के ट्रक डिसेंबर २०२६ पर्यंत विजेवर आणण्याचे उद्दिष्ट जाहीर झाले. हा उपक्रम स्वागतार्ह आहे. मात्र एका कंटेनर टर्मिनलच्या विद्युत विभागात उमेदीची वर्षे घालवल्यामुळे मला असे वाटते, की बंदरातील धुराचा हिशेब मांडताना आपण सोप्या बाजूने सुरुवात करतो आणि धक्क्याला लागलेल्या जहाजापाशी पोहोचलो की थांबतो.

धक्क्यावरच्या उंच क्रेन विजेवरच चालतात. कंटेनर खाली उतरवताना त्यांची मोटर काही वीज परतही देते. डिझेल जाळतात त्या यार्डातल्या रबरी चाकांच्या क्रेन, ज्यांना आम्ही नुसते ‘आरटीजी’ म्हणतो. त्यांच्यावरचा जनरेटर क्रेन रिकामी उभी असली तरी धडधडत राहतो. केबलच्या रिळावर किंवा बसबारवर (यार्डालगत बसवलेल्या वीजवाहक पट्ट्यांवर) त्यांना वीज देता येते आणि हे तंत्र आता नवे राहिलेले नाही. आमच्या यार्डात पहिली आरटीजी केबलवर आली ती रात्रपाळी मला आजही आठवते. जनरेटर बंद होता आणि कंटेनरच्या कोपऱ्यात ट्विस्टलॉक, म्हणजे उचलताना त्याला पकडणारी कडी, फिरल्याचा टक् असा आवाज खाली उभ्या असलेल्या आम्हा सगळ्यांना प्रथमच स्पष्ट ऐकू आला. केंद्र सरकारच्या बंदरांसाठीच्या ‘हरित सागर’ मार्गदर्शक तत्त्वांचा (२०२३) रोखही याच दिशेने आहे. बंदरातील निम्म्याहून अधिक यंत्रसामग्री २०३० पर्यंत विजेवर आणायची असून या कामी पैसा आणि पाठपुरावा एवढेच लागते.

जहाजाची गोष्ट वेगळी आहे. ते धक्क्याला लागले की मुख्य इंजिन बंद होते. पण दिवे, पंप, वातानुकूलन आणि मुख्यतः डेकवरच्या शीतकंटेनरांसाठी त्याची सहायक इंजिने अहोरात्र चालू असतात. २०२० पासून जहाजाच्या इंधनात गंधकाचे प्रमाण ०.५ टक्क्यांपेक्षा जास्त नसावे, असा आंतरराष्ट्रीय नियम आहे. त्याच वर्षी आपल्याकडे आलेल्या बीएस-६ डिझेलमध्ये हीच मर्यादा दहा लाख भागांत १० भाग आहे. म्हणजे गेटबाहेरच्या ट्रेलरला जेवढे गंधक चालते, त्याच्या पाचशेपट गंधक आत उभ्या असलेल्या जहाजाला चालते. तरीही पीयूसी तपासली जाते ती ट्रेलरची!

यावरचा उपाय म्हणजे जहाजाला किनाऱ्यावरून वीज देणे. त्यातील अडचण तांत्रिक कमी आणि हिशेबाची जास्त आहे. बहुतेक मोठी कंटेनर जहाजे ६० हर्ट्झवर चालतात, आपली वीज ५० हर्ट्झची, त्यामुळे वारंवारता बदलणारे महागडे यंत्र बसवावे लागते. आंतरराष्ट्रीय मानकानुसार कंटेनर जहाजासाठी ६.६ किलोव्होल्टची जोडणी लागते आणि एका जहाजासाठी साडेसात एमव्हीएपर्यंतच्या (सुमारे साडेसात हजार किलोवॅटच्या) भाराची तयारी ठेवावी लागते. एवढी कंत्राटी मागणी वीज कंपनीकडे नोंदवली की जहाज जोडलेले असो वा नसो, त्या मागणीवरचा ठरावीक आकार, म्हणजे डिमांड चार्ज, चुकत नाही. प्रति युनिट दर त्यामुळे इतका चढतो की जहाज कंपनीला आपले इंजिन चालू ठेवणेच परवडते. महाराष्ट्र विद्युत नियामक आयोगाने या वापरासाठी वेगळी वर्गवारी करून डिमांड चार्जमध्ये सवलत दिली, तर कोंडी फुटू शकेल. जर्मनी, स्वीडन आणि डेन्मार्क यांना जहाजांना दिल्या जाणाऱ्या विजेवर कमी कर आकारण्याची मुभा युरोपीय संघाने दिली, ती याच कारणासाठी.

सवलतीला सक्तीची जोड मात्र हवी. लॉस एंजेलिस बंदरात २००४ मध्ये कंटेनर जहाजांना किनाऱ्याची वीज मिळू लागली, ती रहिवासी आणि पर्यावरण संघटना न्यायालयात गेल्यानंतर झालेल्या तडजोडीतून. पुढे कॅलिफोर्नियाने नियम करून २०१४ पासून जहाज कंपन्यांच्या निम्म्या फेऱ्यांना आणि २०२० पासून ८० टक्के फेऱ्यांना तो लागू केला. युरोपातील प्रमुख बंदरांत २०३० पासून अशीच सक्ती येत आहे. परिणामी जोडणीची सोय असलेली जहाजे वाढत आहेत. तीच जहाजे आपल्याकडे आली की इंजिन चालू ठेवतात, कारण धक्क्यावर प्लगच नसतो.

हे सारे आता लिहिण्याचे निमित्त पालघर जिल्ह्यातील वाढवण बंदर आहे. जून २०२४ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळाने ७६,२२० कोटी रुपयांच्या या बंदराला मंजुरी दिली. प्रत्येकी एक हजार मीटर लांबीची नऊ कंटेनर टर्मिनल तेथे होणार आहेत. ज्या डहाणू तालुक्याला केंद्रानेच १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक ठरवले, तेथे हे बंदर होत आहे. ते व्हावे की नाही या वादात, आणि मच्छीमारांच्या रास्त प्रश्नांत, मी येथे शिरत नाही. पण व्हायचेच असेल, तर उच्चदाबाच्या केबलची चर, जोडणीचे खड्डे आणि उपकेंद्राची जागा पहिल्या काँक्रिटबरोबरच ठेवली पाहिजे. चालू धक्का मागाहून फोडायचा म्हणजे काय, हे मी जवळून पाहिले आहे. दोन वितींची चर काढायला बर्थ बंद ठेवावा लागतो, जहाजांचे वेळापत्रक कोलमडते आणि अखेर काम ‘पुढच्या वर्षी’वर जाते.

आपली वीज तरी कोळशाचीच ना, असा आक्षेप नेहमी घेतला जातो. तो निम्मा खरा आहे. पण १०० किलोवॅट आणि त्याहून अधिक मागणीच्या ग्राहकाला २०२२ च्या नियमांनुसार खुल्या प्रवेशातून, म्हणजे स्थानिक वीज कंपनीऐवजी आपल्या पसंतीच्या उत्पादकाकडून, सौर वा पवन वीज विकत घेता येते. जहाजाच्या धुराड्याला तो पर्याय नाही.

तेव्हा वाढवणच्या टर्मिनलांच्या निविदांत किनारी विजेची अट स्पष्ट शब्दांत घालावी. आणि जवाहरलाल नेहरू बंदर प्राधिकरणाने विजेवरच्या ट्रकांच्या संख्येबरोबरच कोणत्या धक्क्यावर जहाजे किती तास उभी होती आणि त्यांपैकी किती तास किनाऱ्याच्या विजेवर होती, हा तपशील दरमहा आपल्या संकेतस्थळावर द्यावा, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त विद्युत पर्यवेक्षक, उरण