भूलतज्ज्ञ मॅडमना, जरा उशिराच

आदरणीय डॉक्टर मॅडम,

माझ्या मुलाच्या टॉन्सिलच्या ऑपरेशननंतर सर्जनचे आभार आम्ही घरी निघताना मानले. तुम्ही तेव्हा पुढच्या ऑपरेशनला उभ्या होतात, म्हणून हे पत्र.

तपासणीच्या दिवशी तुम्ही वजन, सर्दी-खोकला, ॲलर्जी विचारलीत, आणि मग म्हणालात, "मागच्या वेळी भूल उतरताना कसा होता?" हे तोवर आम्हाला कुणीच विचारलं नव्हतं. मला रडूच आलं.

वर्षापूर्वी तिरळेपणाच्या ऑपरेशननंतर तो जागा झाला, तेव्हा डोळे उघडे होते पण नजर माझ्यावर ठरत नव्हती. "आई, आई" म्हणून किंचाळत होता आणि मलाच लाथा मारत होता. सलाईनची सुई उपटली. वीसेक मिनिटांनी दमून झोपला, उठला तर जसं काही झालंच नव्हतं. त्याला काहीच आठवत नाही. मला मात्र सगळं आठवतं, तिथे कुणीतरी "फार लाडावलंय" म्हणालं तेही.

तुम्ही सांगितलंत, याला इमर्जन्स डिलिरियम, म्हणजे भूल उतरतानाचा भ्रम, म्हणतात. साधारण 2 ते 5 वर्षांच्या मुलांत जास्त, सेव्होफ्लुरेनसारख्या वायूने भूल दिली की जास्त, आणि डोळ्यांच्या नि नाक-कान-घशाच्या ऑपरेशनांनंतरही जास्त. "म्हणजे हा गडी सगळ्या यादीत बसतो," असं हसत म्हणालात. लाडांचा यात काही संबंध नाही, हे ऐकायला मी वर्षभर थांबले होते.

त्या दिवशी पाऊण तास आधी नाकात डेक्समेडेटोमिडीन हे गुंगीचं औषध दिलंत. तो माझ्या मांडीवरच पेंगला, त्यामुळे आत नेताना ओढाताण झाली नाही. पुढची भूल वायूऐवजी शिरेतून, प्रोपोफॉलची. दुखण्याचं औषध जाग यायच्या आधीच, कारण दुखण्याने तडफडणारं मूल आणि भ्रमात असलेलं मूल वरून सारखंच दिसतं. रिकव्हरीत दिवे मंद, कुणी गालावर थापट्या मारून "उठ रे बाळा" करायचं नाही. तो डोळे उघडायच्या आधी मला आत बोलावलंत. आई जवळ असली म्हणजे हे टळतंच असं नाही, हेही स्पष्ट सांगितलंत. खात्री कसलीच दिली नाहीत, "शक्यता कमी करते" एवढंच म्हणालात. मला तेच धीराचं वाटलं.

तो बराच वेळ झोपून राहिला. त्याचे बाबा घाबरले, तर तुम्ही म्हणालात, "झोपू दे, या औषधाने जाग उशिरा येते." मग त्याने डोळे उघडले, माझ्याकडे पाहिलं, घोगऱ्या आवाजात विचारलं, "झालं?"

सिस्टर कागदावर गुण मांडत होत्या: नजर देतो का, हालचालींना काही हेतू आहे का, आजूबाजूचं भान आहे का, अस्वस्थ आहे का, समजूत पटते का. प्रत्येकी 0 ते 4, एकूण 20, आणि जितके कमी तितके चांगले. त्याला 3 मिळाले. इतक्या कमी गुणांचा आनंद मला पुन्हा कधी होईलसं वाटत नाही.

पुढच्या भूलतज्ज्ञासाठी तुम्ही लिहून दिलेली चिठ्ठी, कोणती औषधं, किती, कधी, त्याच्या फाइलीत सगळ्यात वर लावली आहे. तिची एक प्रत माझ्या पर्समध्येही असते.

तुमची आभारी,
त्याची आई