पंपावर एवढ्यात आळ घेऊ नकोस

गंगापूर रोड, नाशिक
डिसेंबर, रविवार दुपार

प्रिय मन्या,

तुझं पत्र मिळालं. गाडीचा फोटो बघून जळफळाट झाला, तो वेगळा लिहीन. डब्ल्यू १२३ मर्सिडीज, त्यातही २४० डी! हे मॉडेल १९७६ साली आलं, म्हणजे तुझी गाडी आपल्यासोबतच केस पिकवत आलीय. तिचं पॉवर स्टिअरिंग (पंप तेल ढकलतो, म्हणून जे हलकं फिरतं) जड झालं यात काहीच नवल नाही. नवल वाटलं ते तुझ्या मेकॅनिकचं. जॅक न लावता, स्टिअरिंगच्या तेलाच्या टाकीचं झाकणही न उघडता ‘पंप गेला, नवीन टाका’? एवढ्यात एक रुपयाही खर्च करू नकोस.

आधी इंजिन बंद ठेवून पुढची दोन्ही चाकं जॅकवर घे, खाली स्टँड लाव आणि स्टिअरिंग हाताने फिरव. चाकं हवेत असूनही ते कुठे अडकत असेल, तर रोग तेलाच्या बाजूला नाहीच. बॉल जॉइंट बघ, चाकं वळवणाऱ्या दांड्याला आधार देणाऱ्या आयडलर आर्मचा बुश बघ (या गाडीत तो हमखास झिजतो), स्टिअरिंग बॉक्सवरचा (स्टिअरिंगचं फिरणं चाकांकडे पोचवणाऱ्या गिअरच्या पेटीवरचा) अॅडजस्टिंग स्क्रू बघ. कुणीतरी ‘प्ले (ढिलेपणा) काढतो’ म्हणून तो स्क्रू आवळून ठेवलेला असतो, मग वळणानंतर स्टिअरिंग आपणहून सरळ होत नाही. टायरमधली हवाही तपास. हसू नकोस, जड स्टिअरिंगचं सगळ्यात स्वस्त कारण तेच.

तुझ्या एका वाक्यावर मात्र मी अडखळलो. ‘फुल लॉकला (स्टिअरिंग टोकापर्यंत वळवल्यावर) कुईं करते आणि सकाळी घूं घूं आवाज येतो.’ मन्या, हे दोन आवाज म्हणजे दोन वेगळ्या तक्रारी आहेत. कुईं हा पंप फिरवणाऱ्या बेल्टचा. तो ढिला तरी असेल, नाहीतर त्याच्या कडा घासून चकचकीत झाल्या असतील. घूं घूं हा तेलात शिरलेल्या हवेचा, आणि इंजिनचा वेग वाढवलास की तो चढत जातो.

माझ्या गाडीचं हेच झालं होतं. थंडीत पहाटे बाहेर काढली की ती गुरगुरायची आणि रविवार कारंजाच्या गर्दीत वळवताना दंड भरून यायचे. झाकण उघडलं तर तेल लाल दिसायच्या ऐवजी गुलाबी, वर ताकासारखा फेस. या गाडीत तेलाची टाकी पंपाच्याच अंगावर बसवलेली असते. मधली ओ-रिंग (रबरी कडी) वयाने टणक होते आणि पंप तिथून हवा ओढतो. गंमत अशी की तिथे तेलाचा एक थेंबही सांडलेला दिसत नाही, म्हणून कुणाला संशय येत नाही. टाकीत स्प्रिंगखाली एक छोटा फिल्टर असतो. तोही बाहेर काढला, तर काळा ठिक्कर! कित्येक गॅरेजवाल्यांना हा फिल्टर असतो हेच ठाऊक नसतं. रिटर्न होजही (तेल परत टाकीत आणणारा पाइप) क्लिपपाशी पाझरत होता. अंबडच्या एमआयडीसीत हायड्रॉलिक होजचं काम करणाऱ्याकडून तेलाला टिकणारा रबरी होज आणला. साधा पाण्याचा पाइप लावू नकोस, तेलाने फुगून आतून बंद होतो. ओ-रिंग, फिल्टर, होज आणि तेल बदललं, पंप तोच आहे.

तेल एटीएफच (ऑटोमॅटिक ट्रान्समिशन फ्लुइड) घाल. कुणी ब्रेक ऑइल ओतू लागला तर त्याचा हात धर, सगळे सील खराब होतील. ‘लीक बंद करणारी’ बाटलीही नको. ती सील फुगवते आणि रोग झाकून ठेवते. तेल भरल्यावर इंजिन बंदच ठेवून, चाकं वर असताना, या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरवत राहा. बुडबुडे थांबले की मगच स्टार्टर मार. घाई केलीस तर पुन्हा फेस.

आणखी एक गोष्ट कळव, कारण ती तू लिहिलीच नाहीस: दोन्ही बाजूंना सारखंच जड लागतं, की एकाच बाजूला? एकाच बाजूला असेल तर पंप निर्दोष आहे. तो काही डावं-उजवं बघून तेल ढकलत नाही. मग बॉक्समधला व्हॉल्व्ह नाहीतर आतलं सील, आणि ते काम मोठं.

एवढं सगळं करूनही जड राहिलं तरच तेलाचा दाब मोजणारा प्रेशर गेज लावायचा. गरम इंजिनवर, फुल लॉकला, पाच सेकंदांच्या वर धरायचं नाही. प्रेशर नीट भरलं तर पंप निर्दोष, कमी भरलं तर पंप किंवा बॉक्समधली आतली गळती. गेज माझ्याकडे आहे, कुरिअरने पाठवतो. फक्त तुझ्या प्रेशर लाइनच्या नटाचे आटे मोजून माप लगेच कळव, म्हणजे बरोबर बसणारा अॅडॉप्टर सोबत देता येईल.

वहिनींना नमस्कार सांग.

तुझा,
दिनू